मोकळं पातं

लॉरीवाल्यानं चाकू उघडला आणि कुंडलिकनं आपला डावा हात झटकन मागे घेतला. बोटं आखडली, तळवा पोटाशी आला, हे सगळं त्याला स्वच्छ जाणवलं. आणि मग आठवलं, की तो हात आता नाही. दोन शिमगे झाले, नाही. कोपराच्या खाली वीतभर अंतरावर जिथे तो संपत होता, तिथला फडका तेवढा घोंगडीखाली हलला. मुरबाडचा बाजार ऐन भरात होता. सुक्या बोंबलांच्या राशींवर बाया हुज्जत घालत होत्या, पाय बांधलेल्या कोंबड्या कुणाच्या तरी खांद्यावरून उलटं जग पाहत होत्या, आणि एवढ्या गलक्यात एक बारीकसा ‘खट्’ झाला होता, तोही लोहाराच्या भट्टीशेजारी, जिथे दिवसभर घण कोसळत असतात. कुणाची मानसुद्धा वळली नाही. लॉरीवाला त्या चाकूनं पेरूच्या फोडी करून आरामात खाऊ लागला. कुंडलिक मात्र होता तिथेच उभा राहिला. माघातली थंडगार सकाळ होती आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“आंगठ्यानं उघडला,” तो स्वतःशीच पुटपुटला. “नुसत्या आंगठ्यानं.”

लढाईचे दिवस होते. टोकावड्याकडून लाकूड नि कोळसा भरून लॉऱ्या कल्याणकडे जायच्या आणि रस्ता असा, की मुरबाडपर्यंत येता येता त्यांचे चाकांवरचे पोलादी कमानपाटे राम म्हणायचे. त्यामुळे महिपत लोहाराला उसंत नव्हती. हा लॉरीवालाही तुटका पाटा घेऊनच आला होता आणि तो जुळेपर्यंत वेळ काढत बसला होता. चाकू कल्याणच्या छावणीतल्या कुणा गोऱ्या सोजिराकडून मिळाला म्हणे. मिळाला म्हणजे कसा, ते त्यानं सांगितलं नाही आणि महिपतनं विचारलं नाही. कुंडलिक एरवी बाजारात कुणाशी बोलत नसे. महिपतकडे विळा धार लावायला टाकायचा, मान खाली घालून बाजूला उभं राहायचं आणि निघायचं, एवढंच. आज तो पुढे झाला. “बघू,” म्हणत त्यानं उजवा हात लांबवला. पितळेची चपटी मूठ हाताला गार लागली. अंगठा सहज टेकेल अशा जागी वाटाण्याएवढा खटका होता. पातं कुठेच दिसत नव्हतं. त्यानं खटका दाबला, आणि मुठीच्या तोंडातून पातं सरळ पुढे आलं. आलं म्हणेपर्यंत येऊन थांबलेलंही होतं. मधलं येणं डोळ्यांना सापडलंच नाही. कुंडलिकला हसू फुटलं. त्याच्या कमरेला बापाचा घडीचा चाकू असायचा. तो उघडायचा तर एका हातात मूठ हवी आणि पात्यावरच्या खाचेत दुसऱ्या हाताचं नख. अलीकडे तो दातांनी उघडायचा; त्यापायी पुढच्या दाताचा टवका उडाला होता. मिटायचा मांडीवर दाबून, आणि मांडीवर त्याचे वण होते. जगातल्या वस्तू दोन हातांच्या मापानं केलेल्या असतात हे दोन हात शाबूत असेपर्यंत कळत नाही. गाठ, चिलीम, पंचा पिळणं, ओंजळ. या एवढ्याशा पितळेच्या डबीनं मात्र त्याला दुसरा हात विचारलाच नव्हता. त्याचा ऊर भरून आला.

“आता मिटव की,” महिपत म्हणाला. त्याच्या बोलण्यात थट्टा होती, पण वाकडेपणा नव्हता.

कुंडलिकनं खटका पुन्हा दाबला. पातं ढिम्म. मग लॉरीवाल्यानं पेरू चावत चावत सांगितलं, की खटका दाबून धरायचा आणि मुठीच्या पाठीवरची कडी दुसऱ्या हातानं जोर लावून मागे ओढायची. म्हणजे पातं आत येतं, आतली स्प्रिंग दबते आणि पुन्हा सुटायला तयार होते. दुसऱ्या हातानं. कुंडलिक उघडा चाकू घेऊन भर बाजारात उभा राहिला. एका म्हातारीनं त्याच्याकडे पाहून पाटी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि लांबून वळसा घातला. चाकू खाली ठेवावा हेही त्याला सुचेना. शेवटी महिपतनंच तो त्याच्या मुठीतून काढून घेतला आणि दोन हातांनी मिटला. त्याचा खटकन झालेला आवाज कुंडलिकला फार लागला.

“दादा, ह्याला आत जायला बी आलं पायजे,” तो म्हणाला. “त्याच आंगठ्यानं. असा येक मला करून द्याल?”

“येवढ्याशा मुठीत येक फुडं लोटणारी आन येक मागं वढणारी, दोन स्प्रिंगी? मी लोहार हाय रे, देव नाय.” महिपतनं चाकू कानाशी धरून उगाच हलवून पाहिला. त्याचे डोळे मात्र चाकूवरून निघत नव्हते. “बघू. फुडच्या बाजाराला ये. भाता मारायला मानूस लागंल, आन भात्याला येकच हात पुरतो.”

मुरबाडहून गाव तसं लांब, टोकावड्याच्या अलीकडे रस्ता सोडून आत. वाटेत राबासाठी, म्हणजे भाताची जमीन भाजायला, तोडलेल्या फांद्या वावरांत वाळत पडल्या होत्या. झाडावर चढून एका हातानं बुंधा धरायचा नि दुसऱ्यानं कोयता चालवायचा. तेही काम त्याचं सुटलं होतं. चालता चालता तो त्या पात्याचाच विचार करत होता आणि विचार करता करता नेहमीसारखा मनानं जुन्या कापडगिरणीत पोचला. कुठूनही निघाला तरी तो तिथेच पोचायचा. कापूस विंचरायचं कार्डिंग खातं, भुरभुर उडणारा कापूस, भुवयांवर बसलेलं पांढरं, आणि समोर ते पुरुषभर उंचीचं पोलादी पिंप, अंगभर बारीक तारांचे दात असलेलं. कापूस त्यावरून विंचरून निघायचा आणि इतका पातळ होऊन बाहेर यायचा, की पलीकडच्या माणसाचं तोंड दिसावं. पहिले काही महिने तर कुंडलिक त्याच्याकडे देवळात उभं राहिल्यासारखा बघायचा. वरच्या दांड्यावरून चामड्याचा पट्टा खाली आलेला असे. पट्टा सरकवला की मशीन बंद. बंद म्हणजे पट्ट्यापुरतं बंद. ते पिंप आपल्याच वजनानं पुढे फिरत राही, बराच वेळ, अगदी गुमान. हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. कुंडलिकनंही कितीकांना सांगितलं होतं. त्या दिवशी पाळी सुटायची वेळ होती, पट्टा पडलेला होता, खातं शांत झालं होतं, आणि दातेरी रुळाशी कापसाचा एक गोळा अडकलेला दिसला म्हणून त्यानं हात घातला. दुखलं ते नंतर. आधी वाटलं ते नवल. पट्टा पडला आहे, कुणी लोटत नाही, कुणी ओढत नाही, आणि तरी हे येतं आहे, हातावरून वर येतं आहे. या नवलाची त्याला पुढे फार शरम वाटली. स्वतःचा हात जात असताना माणसाला नवल कसं वाटू शकतं? हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. गावात एवढंच ठाऊक होतं, की कुंडलिकचा हात मशीनमंदी गेला.

घरी बाईजा होती. ती त्याची बायको, आणि तो थोटा होऊन आल्यापासून ती त्याला एकदाही टाकून बोलली नव्हती. तेच त्याला सोसत नव्हतं. ती न मागता बोंबलाचे काटे काढून त्याच्या ताटात घाले, धोतराची गाठ मारून देई, पेंढ्यांचे बंद तोडून ठेवी. तो भिंतीकडे तोंड करून जेवे. थोटा हात त्यानं तिला एकदाही उघडा पाहू दिला नव्हता. फडका स्वतःच दातांनी गुंडाळायचा आणि त्या अंगाला भिंत येईल असं निजायचं. आधी ती काहीबाही बोलून पाहायची. मग गप्प राहायला लागली. मग अधूनमधून उंबरमाळीला भावाकडे जाऊन येते म्हणू लागली, आणि येताना दर खेपेला तिला थोडा अधिक उशीर व्हायला लागला. एखाद्या खेपेला ती परत यायचीच नाही, हे कुंडलिकला कळत होतं. नुसतं कळत नव्हतं, त्याची भीती वाटत होती. पण त्यावर त्यानं शोधलेला उपाय उफराटा होता. आपल्याला कुणाच्या हाताची गरजच पडता कामा नये, म्हणजे मग कुणी राहिलं काय नि गेलं काय, सारखंच. त्या दिवशी मुरबाडहून येताना या उपायाला एक आकार मिळाला होता, पितळेचा, मुठीत मावणारा. अंगठ्यानं उघडेल आणि अंगठ्यानंच मिटेल असा एक चाकू हातात आला, की बाकीचं सगळं आपोआप जमेल असं त्याला वाटू लागलं. माणसाला काहीही वाटतं.

पुढचे बाजार त्यानं चुकवले नाहीत, आणि बाजार नसेल तेव्हाही जाऊ लागला. तो भाता ओढायचा आणि महिपत, लॉऱ्यांच्या पाट्यांतून सवड मिळेल तसा, त्या चाकूशी झगडायचा. दोन पितळी पट्ट्यांच्या मध्ये पात्याला सरकायला खाच झाली. पातं झालं, बोटभर रुंद, हलकं, एका तुटक्या करवतीच्या तुकड्यातून. अडून बसली ती स्प्रिंग. महिपतनं पोलादाच्या बारीक पट्ट्या तापवून, पाण्यात नि तेलात विझवून पाहिल्या. एक काचेसारखी तुटली. एक लोण्यासारखी मऊ निघाली. एक जमली, तर ती इतकी जबर, की पातं पुढे फेकायची पण अंगठ्यानं मागे येईना. महिपत तिला तोंडभर शिव्या द्यायचा, अगदी घरच्या माणसाला द्याव्यात तशा. शेवटी एका दुपारी त्यानं सगळं सामान ऐरणीवर टाकलं.

“नाय व्हायचं हे. पातं ठेट भायेर लोटायचं म्हंजे स्प्रिंग लांब पायजे, आन जोरदार पायजे. जोरदार झाली की तुझा आंगठा तिला मागं रेटायचा नाय. देवानंच तसं करून ठेवलंय.”

कुंडलिकचा भाता थांबला. निखारे हळूहळू काळवंडायला लागले. त्याच्या डोळ्यांपुढे पट्टा पडलेलं पिंप फिरत होतं, गुमान. आजवर ते आठवलं की तो मान फिरवायचा. आज त्यानं मान फिरवली नाही. तो त्याच्याकडे बघत राहिला, त्याच्यापासून काहीतरी घ्यायचं असल्यासारखा.

“ठेट कशाला लोटायचं, दादा? अर्ध्यापरेंत वढायचं आन सोडून द्यायचं.”

“सोडलं तर तितंच पडंल कना.”

“नाय पडत. सोडलेलं थांबत नाय. मला इचारा.”

महिपतची नजर घोंगडीकडे गेली. कुंडलिकनं जमिनीवरची राख पसरली आणि बोटानं त्यात रेघा ओढू लागला. अंगठ्याखाली नुसता खटका नको, पुढे-मागे सरकणारी सरकी हवी. सरकी आणि पात्याची टाच यांच्यामध्ये एकच स्प्रिंग. पातं आत असताना मागच्या खिट्टीत अडकलेलं. सरकी पुढे लोटली की पातं जागेवर आणि स्प्रिंग मात्र ताणली जाते. सरकी पार पुढे पोचली, की तिचा उंचवटा खिट्टीला उचलतो. पातं सुटतं, स्प्रिंग त्याला पुढे हिसका देते आणि अर्ध्या वाटेत ढिली होऊन गप्प बसते. तिचं काम सरलं. उरलेली वाट पातं आपलं आपण जातं आणि पुढच्या खिट्टीत जाऊन बसतं. आता सरकी मागे ओढा. तीच स्प्रिंग उलटी ताणली जाते, पुढची खिट्टी उचलते, पातं तसंच घरी. जायला आणि यायला एकच. दोन्ही टोकांना स्प्रिंग ढिली, निवांत. ताण पडतो तो अंगठा चालतो तेवढ्यापुरता. महिपत उकिडवा बसून त्या राखेकडे बघत राहिला. मग त्यानं हलक्या हातानं एक रेघ थोडी आखूड केली.

पातळ आणि लवचीक तार मात्र मुरबाडात कुठे मिळेना. ती मिळाली शहापूरला. कुंडलिकचा मामेभाऊ देवजी तिथे राहायचा आणि एका शाहिराच्या मागे झील धरून तुणतुणं वाजवायचा. तुणतुण्याची तार कितीही ताणा, सोडली की आपल्या जागी येते, हे कुंडलिकला भाता ओढता ओढता सुचलं होतं. सरळगाव, किन्हवली करत तो चालत शहापूरला गेला. “काय रे, आता गायला लागनार का काय?” असं म्हणून देवजीनं पेटीतून तारेचं वेटोळं काढून दिलं, आणि बायको बरी आहे ना विचारलं. कुंडलिक बरी आहे म्हणाला. महिपतनं ती तार भट्टीत घातली नाही. “आगीत मरंल ती,” म्हणाला, आणि एका खिळ्याभोवती थंडच गुंडाळली, वेढ्याला वेढा लावून. सोडल्यावर ती जराशी उलगडली, अंग मोकळं केल्यासारखी, आणि मग तशीच राहिली.

चाकू झाला तेव्हा पळस फुलले होते. महिपतनं तो कुंडलिकच्या हातात दिला आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला. कुंडलिकनं अंगठा पुढे लोटला. खट्. पातं बाहेर. अंगठा मागे. खट्. पातं नाही. पुन्हा. पुन्हा. आत काय चाललं आहे ते त्याला ठाऊक होतं, राखेत त्यानंच काढलं होतं, तरी दर वेळी ते पहिल्यांदाच घडत असल्यासारखं त्याच्या अंगावर रोमांच उभे राहत होते. त्यानं एका बाजूची पितळी पट्टी काढायला लावली आणि पातं चिमटीत धरून सावकाश चालवून पाहिलं. इथपर्यंत स्प्रिंग ताठ. इथे ती सैल पडली. इथून पुढच्या खिट्टीपर्यंत दोनएक बोटांचं अंतर, आणि त्या अंतरात पात्याला कुणीच धरलेलं नाही, ना स्प्रिंगनं, ना खिट्टीनं, ना अंगठ्यानं. तिथे ते आपलं आपण जातं. कुंडलिक त्या एवढ्याशा रिकाम्या जागेकडे बघत राहिला. सगळा चाकू आपण केला, ही जागा मात्र आपण केलेली नाही, असं त्याला वाटलं. तिच्यापुढे हात जोडावेत असं वाटलं.

“आता गंमत बघ,” महिपत म्हणाला. पट्टी पुन्हा बसवून त्यानं गोणपाटाची घडी पुढे धरली आणि सरकी लोटली. पातं गोणपाटाला टेकलं आणि थांबलं. भोकसुद्धा पडलं नाही. पातं मुठीच्या तोंडाशी सैल डुलत राहिलं. मग त्यानं पातं जागेवर बसवून गोणपाट टाकून दिलं, स्वतःचा तळवा थोडा लांब धरला आणि कुंडलिक ओरडायच्या आत सरकी लोटली. पातं तळव्याला टेकून तसंच थांबलं. महिपत खो खो हसला. “जोर सरलेला असतो रे त्याचा तवा! उरतो तो नुसता वेग. आन पातं केवढं, चिमनीयेवढं!” आपण काय करून घेतलं हे कुंडलिकला तेव्हा कळलं. पट्टा पडलेलं पिंप त्यानं मुठीएवढं करून हातात घेतलं होतं. महिपतचा तळवा घणानं घट्टे पडलेला, त्याचं सोडा. माणसाच्या हाताशी आलं की ते थांबतं यावर त्याचा विश्वास बसेना. एकदा थांबलं, दोनदा थांबलं. त्या पिंपानंसुद्धा इतके दिवस काही केलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं चाकू आढ्याजवळ पेंढ्यात खोचला आणि तिथेच राहू दिला. बापाचा चाकू पुन्हा दातांनी उघडू लागला. महिपतकडे जाणं थांबलं. दिवसभर घरीच राहिल्यामुळे घर जास्तच लहान झालं. काटे काढलेला बोंबील ताटात येत होता, तो भिंतीकडे तोंड करून जेवत होता, आणि आता तर त्या उफराट्या उपायाचीही आशा उरली नव्हती. शिमगा होऊन गेल्यावर एका सकाळी बाईजानं लुगड्याचं गाठोडं बांधलं. उंबरमाळीला जायचं म्हणाली. कधी येणार, ते या खेपेला तिनं सांगितलं नाही आणि विचारायला कुंडलिकची जीभ रेटली नाही. अंगणात तो दोरी वळायचं सोंग करत बसला होता. एका हातानं दोरी वळता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. ती घरात गेली आणि आली ती चाकू घेऊन.

“ह्याच्यापायी मुरबाडच्या वाटा झिजवल्यात ना तुमी? आन आता आढ्याला खोचून ठेवलाय?”

“राहू दे तो.”

“चालत नाय का?”

“चालतो.”

“मंग?”

“भ्या वाटतं मला,” कुंडलिक म्हणाला. आपल्या तोंडून हे कसं गेलं याचंच त्याला आश्चर्य वाटलं, आणि एकदा गेल्यावर बाकीचंही आवरेना. त्यानं तिला पट्टा सांगितला, पिंप सांगितलं, पाळी सुटायची वेळ सांगितली. कुणी लोटत नसताना ते कसं येत राहिलं ते सांगितलं, आणि त्या वेळी आपल्याला नवल वाटलं होतं हेही सांगितलं. बाईजा गाठोडं बाजूला ठेवून समोर खाली बसली. तिनं यातलं काहीच कधी ऐकलेलं नव्हतं. मग त्यानं चाकूची मधली मोकळी जागा सांगितली, महिपतचा तळवा सांगितला. “त्यांच्या हाताला येऊन थांबला तो. मी बघितला. पन मला भरवसा येत नाय गो. हातच खानार तो कुनाचातरी.”

बाईजानं चाकू त्याच्या उजव्या हातात दिला आणि आपला तळवा मुठीच्या तोंडापुढे धरला. कोयत्यानं, विळ्यानं, चुलीनं रेघारेघांचा झालेला तळवा. “दाबा,” ती म्हणाली.

“खुळी का काय तू?”

“दाबा म्हनते ना. थांबतो का नाय ते मला बी बघू दे. मला बी दोन वरसं झाली, कशाला भ्यायचं तेच कळंना.”

तिनं तळवा अगदी मुठीच्या तोंडाशी टेकवला होता, आणि तिथे तर स्प्रिंग पुरती ताणलेली असते, सगळा जोर तिथेच असतो. “तितं नको!” तो ओरडला. “लांब घे!” तिनं घेतला, पण उगाच गव्हाभर. अजून स्प्रिंगच्या जोराच्या टप्प्यातच होता तो. कुंडलिकच्या उजव्या हातात चाकू होता, अंगठा सरकीवर होता, आणि तिचा हात मागे सरला पाहिजे होता. घोंगडीखालून थोटा हात बाहेर आला. तो त्यानं काढला असं म्हणता येणार नाही, तो आला. फडका सैल होऊन कोपराकडे सरकला होता, टोकाची तांबूस कातडी उन्हात उघडी पडली होती. त्या उघड्या टोकानं त्यानं बाईजाचं मनगट मागे लोटलं. आणखी थोडं. आणखी. डोळ्यांनी माप घेत घेत त्यानं तिचा तळवा त्या दोन बोटांच्या मोकळ्या जागेच्या पार टोकाला नेऊन उभा केला. तिची नाडी त्याला लागत होती. “हितं,” तो म्हणाला. “हितं जोर सरलेला असतो. हालू नको.”

“नाय हालत.”

त्यानं अंगठा लोटला.

आवाज झाला नाही. पातं तिच्या तळव्याला टेकलं आणि थांबलं, जरासं खाली झुकलं, डुललं आणि निमूट झालं. अंगठ्याच्या उंचवट्यावर मोहरीएवढं रक्त आलं, तेवढंच. कुंडलिक बघत राहिला. कुणी अडवलं नव्हतं त्याला, खिट्टी नव्हती, दुसरं काही नव्हतं. नुसता एक हात पुढे होता, आणि हात आहे म्हणून ते थांबलं होतं. वेग थांबतोसुद्धा. त्याला रडू फुटलं आणि त्यानं ते लपवलं नाही, कारण लपवायला त्याच्याकडे मोकळा हातच नव्हता. एक चाकूवर होता आणि एक तिच्या मनगटावर.

“थांबला की ओ!” बाईजा म्हणाली. ती हसत होती आणि तिचेही डोळे वाहत होते. थोट्या हाताकडे ती बघत होती, उघड, आणि तिनं मनगट हलवलं नव्हतं.

त्यानं सवयीनं सरकी मागे ओढली. ती रिकामीच मागे गेली. पुढे लोटली, तशीच रिकामी पुढे आली. पातं मध्येच लोंबत राहिलं.

“मोडला?”

“नाय. मधी आडला की सरकीला सापडत नाय तो. पातं धरून भायेर वढायला लागतं, खिट्टीत बसंस्तवर.”

“मंग वढा.”

कुंडलिकनं आपल्या उजव्या हातातल्या मुठीकडे पाहिलं. मूठ गुडघ्यात धरून पातं ओढता आलं असतं. दातांनीही आलं असतं. त्याला दोन्ही सुचलं.

“दुसरा हात लागतो,” तो म्हणाला. “तू वढ.”

बाईजानं तळवा पदराला पुसला आणि पात्याच्या दोन्ही अंगांना चिमटीत धरलं. “जोरानं वढू?”

“हळू वढ,” कुंडलिक म्हणाला. “मी धरलाय.”